चौदा, एकवीस, सत्तावीस

महोत्सवाचा पहिला मेल आला तेव्हा मी एका लग्नाचा व्हिडिओ एडिट करत बसले होते. इंदूरमध्ये संकलकाचं घर लग्नांवर, शाळांच्या गॅदरिंगवर आणि कोचिंग क्लासच्या जाहिरातींवर चालतं. माहितीपट त्यातून उरलेल्या वेळात. मेलमध्ये विचारलं होतं, आंतरराष्ट्रीय लघुपट स्पर्धेच्या निवड समितीवर काम कराल का? मुदत सात आठवडे, मानधन बेताचं, लघुपट घरबसल्या बघायचे, शेवटची बैठक ऑनलाइन. मी त्याच रात्री हो म्हणून कळवलं.

महोत्सवाचं नाव इथे लिहीत नाही. समितीतलं बोलणं बाहेर सांगणार नाही, असं आम्ही सगळ्यांनी लिहून दिलेलं असतं आणि तो नियम मला मनापासून पटतो. एका लघुपटाबद्दल तपशिलात लिहिणार आहे, ते त्याच्या दिग्दर्शिकेला विचारून. बाकीच्यांचे तपशील बदलले आहेत. पण ही सगळी प्रक्रिया आतून कशी चालते ते सांगायलाच हवं. आमच्या शनिवारच्या मंडळात पंधरा-वीस मुलंमुली सिनेमे बघायला जमतात. त्यातली चार-पाच जण स्वतः लघुपट करतात, पैसे जमवून महोत्सवांना पाठवतात आणि नकार आला की महिना महिना कॅमेऱ्याला हात लावत नाहीत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

मीही त्यातून गेले आहे. हा मेल येण्याच्या चार वर्षं आधी मी इंदूरच्या हुकुमचंद मिलवर सव्वीस मिनिटांचा माहितीपट केला होता. मिल १९९१ साली बंद पडली. आमच्या गल्लीतले एक काका तिथे साच्यावर होते आणि थकलेल्या पैशांसाठी वर्षानुवर्षं दर रविवारी कामगारांच्या सभेला जायचे. ती फिल्म मी अकरा महोत्सवांना पाठवली. नऊ ठिकाणांहून साधारण एकाच मजकुराचं पत्र आलं: यंदा प्रवेशिका फार मोठ्या संख्येनं आल्या, निवड करणं अवघड होतं, आपल्या पुढील कामास शुभेच्छा. प्रत्येक पत्रानंतर मी फिल्म पुन्हा लावून बघायचे आणि चूक शोधायचे. कोणीतरी तज्ज्ञ माणसांनी ती शांतपणे, पूर्ण बघून नापास केली आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

समितीत आम्ही पाच जण. प्रवेशिका तीनशे बारा. प्रत्येक लघुपट किमान दोघांनी बघायचा, त्यामुळे माझ्या वाट्याला एकशे चोवीस आले. एका ऑनलाइन तक्त्यात देश, लांबी, लिंक, पासवर्ड आणि पुढे गुणांचा रकाना. दहापैकी गुण द्यायचे आणि दोन-तीन ओळींचा शेरा लिहायचा. दोघांची सरासरी साडेसहाच्या वर गेली तर लघुपट पुढच्या फेरीत. दोघांच्या गुणांत चार किंवा त्याहून जास्त फरक पडला तर तिसऱ्याकडे. वीस मिनिटांच्या आतला लघुपट पूर्ण बघायचा, त्याहून मोठा असेल तर निदान अर्धा. ओळखीच्या माणसाची फिल्म आली तर आधी सांगायचं आणि बाजूला व्हायचं. निकाल लागून महोत्सव संपेपर्यंत कोणत्याही दिग्दर्शकाशी संपर्क करायचा नाही. नियम नीट होते, लोक प्रामाणिक होते. तरीही काय होऊ शकतं ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.

आधी लांबीचं सांगते, कारण मुलं ते कधी ध्यानातच घेत नाहीत. आमच्या स्पर्धेला सहा खेळ मिळाले होते, प्रत्येक खेळ सुमारे पंच्याऐंशी मिनिटांचा. म्हणजे एकूण पाचशेदहा मिनिटं. त्यात अडतीस मिनिटांचा लघुपट घेतला तर दहा-बारा मिनिटांचे तीन लघुपट बाहेर राहतात. मोठा लघुपट चांगला असून भागत नाही, तीन चांगल्या लघुपटांहून चांगला असावा लागतो. मी स्वतः संकलक आहे, पंधरा मिनिटांची गोष्ट बावीस मिनिटांत सांगण्याचा मोह मला माहीत आहे. त्या तक्त्यासमोर बसल्यावर मला माझ्या सव्वीस मिनिटांतली पाच तरी मिनिटं लख्ख दिसली, जी मी केवळ जीव जडला म्हणून ठेवली होती.

दिवसा पोटापाण्याचं काम, म्हणून लघुपट रात्री. साडेनऊनंतर जेवणखाण आटोपलं की राजेंद्रनगरच्या आमच्या पुढच्या खोलीत लॅपटॉप टीव्हीला जोडायचा आणि चार-पाच लघुपट बघायचे. आई तिथेच दिवाणावर असायची. कधी जपमाळ, कधी दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांसाठी शेंगदाणे सोलणं, कधी नुसतीच डोळे मिटून. तिला काही सांगायचं नाही, ती बोलली तरी गुणांवर परिणाम होऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी तो मोरोक्कोचा लघुपट लावला. सतरा मिनिटं. संवाद जवळजवळ नाहीतच. दक्षिणेकडचं एक कोरडं खेडं, एक मध्यमवयीन बाई, एक विहीर. पहिली दोन मिनिटं ती पाणी शेंदते. कॅमेरा हलत नाही. दोर तिच्या हातांतून येतो, पायाशी वेटोळं होत जातं, कप्पी करकरते, पोहरा वर येतो, ती घागर भरते. मग घर, बकऱ्या, भाकरी. पुन्हा विहीर, तेच सगळं. पुन्हा घर. पुन्हा विहीर. शेवटच्या वेळी पोहरा वर येतो, ती आत बघते आणि तो तसाच कठड्यावर ठेवते. संपलं.

त्या रात्रीचा तो चौथा लघुपट होता. माझ्या आधी तो बघितलेल्या सदस्यानं तीन गुण दिले होते. खरं म्हणजे दुसऱ्याचे गुण आधी बघायचे नसतात, पण रकाना शेजारीच होता आणि माझी नजर गेली. मी पाच लिहिले. शेरा लिहिला: दृश्यरचना चांगली, पण पुनरावृत्ती फार, काही घडत नाही.

आई दिवाणावरून म्हणाली, "बाईच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं गं."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"मोजलं ना. पहिल्यांदा चौदा वेळा ओढलं तिनं. मग एकवीस. आत्ता सत्तावीस, आणि वर आला तो गाळ. म्हणून नाही ओतला तिनं."

मी लघुपट पुन्हा लावला आणि कागदावर रेघा मारत बसले. चौदा. एकवीस. सत्तावीस. दुसऱ्या वेळी पायाशी पडलेलं दोराचं वेटोळं पहिल्यापेक्षा मोठं होतं. तिसऱ्या वेळी ती दोनदा थांबते, पदराला हात पुसते, आणि त्या वेळी दोर आणखी थोडा पुढे गेल्यावर आई पुन्हा म्हणाली, "थांबव. बघ, गाठ आहे. दोर पुरला नाही, दुसरा जोडलाय."

होती. कप्पीवरून जाताना गाठ अडकते, बाई मनगटाला एक झटका देते आणि ती सुटून पुढे येते. अर्ध्या सेकंदाची गोष्ट. अख्ख्या सतरा मिनिटांत दुष्काळ, हवामान, पाण्याची पातळी असा एक शब्द नाही. सगळी गोष्ट दोरात होती आणि मी 'काही घडत नाही' असं लिहून मोकळी झाले होते.

आईचं बालपण देवासच्या वाड्यात गेलं. आठव्या वर्षापासून घरचं पाणी तिनं शेंदलं. वैशाखात दोर किती जास्त सोडावा लागायचा ते तिच्या खांद्यांना माहीत आहे. 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' हे आम्ही सगळेच कौतुकानं म्हणतो. आता नर्मदेचं पाणी डोंगर चढून आमच्या नळाला येतं, तेही एक दिवसाआड, आणि त्या दिवशी आईच पहाटे उठून पिंपं भरते. तिनं मोजणं साहजिक होतं. पण मी बावीस वर्षं संकलन करते आहे. एका शॉटची लांबी का वाढली, हा प्रश्न विचारणं हेच माझं काम आहे.

त्या रात्री झोप लागली नाही. तीन आणि पाच, सरासरी चार. फरक दोनचाच, म्हणजे तिसऱ्याकडेही गेला नसता. तक्त्यात तो लघुपट तिथेच संपला होता, आणि दक्षिण मोरोक्कोतल्या कोणाला तरी प्रवेशिका फार आल्याचं पत्र गेलं असतं. तिनंही पुन्हा पुन्हा फिल्म लावून चूक शोधली असती. चूक तिची नव्हतीच. चूक माझ्या गुरुवारच्या रात्रीतल्या चौथ्या क्रमांकाची होती.

सकाळी मी पाचाचे नऊ केले, शेरा बदलला, आणि बदल का केला ते संयोजकाला मेलनं कळवलं. फरक सहाचा झाला, लघुपट तिसऱ्या सदस्याकडे गेला. त्यांनी सहा दिले. सरासरी सहा. साडेसहाला अर्धा गुण कमी.

त्या दिवसापासून मी रात्री तीनच लघुपट बघायचे ठरवले, रविवारी सकाळी उठून राहिलेले भरून काढायचे, आणि शेजारचा रकाना कागदानं झाकायचा. आधी बघितलेल्यांपैकी पस्तीस-चाळीस पुन्हा बघितले. सहांचे गुण वाढले, दोघांचे उतरले. इतर वेळी झालेल्या अन्यायाचा हिशेब कुठून लावणार?

सुदैवानं आमच्या महोत्सवात एक नियम होता: गुण काहीही असोत, प्रत्येक सदस्याला एक लघुपट शेवटच्या बैठकीत मांडता येतो. एकच. मी विहीर मांडली.

बैठक दुपारी दोनला सुरू झाली ती रात्री साडेआठपर्यंत चालली. आमच्यात एक ज्येष्ठ दिग्दर्शक होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. एक समीक्षक, एक ध्वनिसंयोजक, एक चित्रपट-अभ्यासाची प्राध्यापिका आणि मी. ज्यांवर एकमत होतं ते वीस लघुपट तासाभरात ठरले. उरलेला सगळा वेळ शेवटच्या आठ जागांसाठी गेला. अशा वेळी माणसं गुणांबद्दल बोलत नाहीत, बाजू घेतात. ज्या लघुपटाच्या बाजूनं कोणी बोलायला उभं राहिलं नाही, तो पावणेसात सरासरी असूनही हळूहळू यादीत खाली सरकत गेला. सगळ्यांना बरा वाटलेला लघुपट मागे पडतो आणि एकाला जिवापाड आवडलेला पुढे जातो, हे मी तिथे डोळ्यांनी बघितलं.

माझी पाळी आली तेव्हा मी भाषण केलं नाही. स्क्रीन शेअर केली, विहिरीची तीन दृश्यं एकापाठोपाठ लावली आणि म्हटलं, "फक्त मोजा."

साधारण आठ मिनिटं कोणी बोललं नाही. तिसऱ्या दृश्यात गाठ कप्पीवर अडकली तेव्हा ध्वनिसंयोजकानं एकदम हात वर केला. म्हणाला, "कप्पीचा आवाज प्रत्येक वेळी वेगळा आहे, ताई. शेवटी दोर कोरडा आहे. ओला दोर असा वाजत नाही." हे मला कळलं नव्हतं. आईलाही नाही. ज्यांनी सुरुवातीला तीन गुण दिले होते ते स्वतःच म्हणाले, "मी हा मोबाइलवर बघितला होता, प्रवासात. माझे गुण धरू नका." असं सगळ्यांसमोर म्हणायला मोठं मन लागतं.

सरांना मात्र शंका होती. प्रेक्षक सतरा मिनिटं बसतील का, काही सांगितलंच नाही तर त्यांना कळेल कसं, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा हुसेन आठवले. मकबूल फिदा हुसेन इंदूरमध्ये वाढले, इथल्या चित्रकला शाळेत देवळालीकर मास्तरांकडे शिकले. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी राजस्थानात जो लघुपट केला त्यात सुरुवातीची छोटी ओळख सोडली तर निवेदन नाही, नुसती चित्रं आणि संगीत. त्याच लघुपटाला १९६७ साली बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांचं पहिलं पारितोषिक, सुवर्ण अस्वल, मिळालं. मी एवढंच म्हटलं की आमच्या गावच्या माणसाचा लघुपट कोणीतरी न सांगता बघितला, म्हणून तो आज आपल्याला माहीत आहे. सर हसले, म्हणाले, "घ्या."

पण घ्यायचा म्हणजे कोणाला तरी काढायचं. सतरा मिनिटं कुठून तरी आणायची होती. एक सोळा मिनिटांचा लघुपट गेला, रेल्वे फाटकावरच्या एका मुलाचा. सरासरी सहा पूर्णांक आठ. त्याच्यात वाईट काहीही नव्हतं, त्या दिवशी त्या खोलीत त्याला कोणी वकील नव्हता इतकंच. तो मुलगा फाटक बंद झाल्यावर गाडीचे डबे बोटांवर मोजतो ते दृश्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. ते मी त्याच्या दिग्दर्शकाला कधी सांगू शकणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

विहिरीचा लघुपट स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या खेळात लागला. मी अवंतिका एक्स्प्रेसनं निघून मुंबईमार्गे पोचले होते. दिग्दर्शिका येऊ शकली नव्हती. थिएटर निम्मं भरलं होतं. तिसऱ्या विहिरीपर्यंत आठ-दहा जण उठून गेले, आणि माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी अगदी हळू आवाजात मोजत होतं: चोवीस, पंचवीस, सव्वीस. मी वळून बघितलं नाही. त्या वर्षीच्या परीक्षकांनी त्याला काही दिलं नाही. निवड समितीचं काम दारापर्यंत पोचवण्याचं, पुढे पारितोषिकं द्यायला परीक्षक मुखत्यार.

पुढच्या वर्षी मीच परीक्षक झाले.

घरी, शेजारी, नातेवाइकांत यावर जे प्रश्न आले त्यांवरून वाटलं की बातम्या वाचून लोकांचा बराच गोंधळ होतो. काका म्हणाले, "म्हणजे आपला मराठी सिनेमा कानला निवडला जातो, तसं का?" फ्रान्समधल्या कान महोत्सवात अधिकृत निवड वेगळी आणि तिथला चित्रपट-बाजार वेगळा. महाराष्ट्र शासन काही मराठी चित्रपट बाजारात दाखवायला पाठवतं, ते विक्रीसाठी, वितरक भेटावेत म्हणून. चांगलं काम आहे, पण त्याला निवड म्हणत नाहीत. पायल कपाडियाचा चित्रपट २०२४ साली मुख्य स्पर्धेत होता, भारतीय चित्रपट तिथे तीस वर्षांनी पोचला होता. त्याला ग्राँ प्री मिळालं, ते तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, पहिलं पाम द'ओर. एका महोत्सवात परीक्षक मंडळंही अनेक असतात. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसला ओरिझोन्ती विभागाच्या परीक्षकांनी सर्वोत्कृष्ट ठरवलं आणि पहिल्या चित्रपटांसाठीच्या वेगळ्या मंडळानंही गौरवलं. 'किल्ला'ला त्याच वर्षी बर्लिनमध्ये मिळालेलं स्फटिक अस्वल मुलांच्या परीक्षक मंडळानं दिलेलं. 'स्थळ'ला २०२३ साली टोरांटोला मिळालेला नेटपॅक पुरस्कार आशियाई सिनेमासाठी काम करणाऱ्या संस्थेचा. 'साबर बोंडं'ला २०२५ साली सनडान्समध्ये मिळालं ते जागतिक कथाचित्रपट स्पर्धेचं ग्रँड ज्युरी पारितोषिक. या प्रत्येकामागे तीन, पाच, सात माणसांची एक खोली असते, आणि कोणती खोली ते कळल्याशिवाय बातमी नीट कळत नाही. 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला तेव्हा मराठीचा एक शब्द न कळणारी माणसं त्या खोलीत असणार, याचा विचार मी परीक्षक म्हणून जाताना प्रवासात पुष्कळ केला.

आम्ही तिघं परीक्षक होतो. एक तमिळ सिनेमॅटोग्राफर बाई, युरोपातल्या एका लघुपट महोत्सवाचे निवडकर्ते, आणि मी. तीन दिवसांत अठ्ठावीस लघुपट, थिएटरात, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांबरोबर. आमच्यासाठी मागच्या तीन खुर्च्या राखलेल्या. कोणाशी त्याबद्दल बोलायचं नाही, चहाच्या टेबलावर दिग्दर्शक भेटला तर नमस्कार करून पुढे जायचं. हे फार अवघड जातं. दिग्दर्शकांचे चेहरे बघवत नाहीत. आम्हाला एक मुख्य पारितोषिक, एक परीक्षकांचं विशेष पारितोषिक आणि जास्तीत जास्त दोन विशेष उल्लेख द्यायचे होते. मुख्य पारितोषिक विभागून देता येणार नव्हतं. ते एका परीनं बरंच. विभागून देता आलं की परीक्षक भांडायचं टाळतात.

शेवटच्या रात्री साडेनऊला हॉटेलातल्या एका छोट्या खोलीत बसलो. प्रत्येकानं कागदावर पाच नावं लिहून मध्ये ठेवली. तीन नावं तिघांच्याही यादीत होती. माझं पहिलं नाव ठरलेलं होतं: वीटभट्टीवरचा बावीस मिनिटांचा माहितीपट. त्यातलं एक दृश्य संकलक म्हणून मला थक्क करून गेलं होतं. भट्टीवरच्या बाईला फोन येतो, गावी कोणी तरी गेल्याची बातमी असते. ती ऐकते, फोन कानाला तसाच, आणि तिथे कट, भट्टीच्या धुराड्यावर. कट इतका अचूक जागी होता की मी अंधारात स्वतःशीच मान हलवली होती.

मी तो कट समजावून सांगितला. सिनेमॅटोग्राफर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोन आल्यावर ती पाठ फिरवते, ते बघितलंत?"

बघितलं होतं.

"मग तिचा चेहरा आपल्याला कसा दिसला?"

मी गप्प बसले. त्या म्हणाल्या, "ती वळली. कॅमेरा फिरून समोर गेला. मी तीस वर्षं कॅमेरा चालवते आहे. त्या चार पावलांत काय होतं ते मला माहीत आहे. ती मजूर आहे, तो मालकाच्या परवानगीनं आत आलेला माणूस आहे, ती त्याला नको कसं म्हणणार? तुम्ही कट बघितलात. त्या कटसाठी वापरलेला शॉट कसा मिळाला ते बघा."

लॅपटॉपवर ते दृश्य पुन्हा लावलं. ती वळते. डोक्यावरचा पदर पुढे ओढते. मग कॅमेरा डावीकडून तिच्या भोवती जातो, जमिनीवरच्या विटा चुकवत, घाईघाईनं. पदराच्या आडून एक डोळा दिसतो. मी ते थिएटरात बघितलं होतं, मोठ्या पडद्यावर, आणि त्यातली फक्त गती बघितली होती.

युरोपातले सदस्य अजून माझ्या बाजूनं होते. त्यांचं म्हणणं, त्या बाईची संमती नंतर घेतली असेलच, आपल्याला माहीत नाही, आणि चित्रपटानं त्या मजुरांसाठी काही केलं आहे हे नाकारता येत नाही. यावर दोन तास बोललो. आवाज चढले नाहीत, पण कोणी कोणाला सोडलंही नाही. मी मत बदललं तेव्हा साडेबारा वाजले होते. आदल्या वर्षी मी पाच जणांच्या खोलीत एका लघुपटाची वकील होते. इथे कोणीतरी त्या बाईची वकील होती, जी त्या लघुपटाच्या संघातही नव्हती आणि श्रेयनामावलीतही नाही. मला ते आधी सुचायला हवं होतं. हुकुमचंद मिलच्या फिल्ममध्ये काका रडले तेव्हा मी स्वतः कॅमेरा बंद केला होता आणि तो शॉट हुकला म्हणून पुढे कितीतरी महिने हळहळले होते.

मुख्य पारितोषिक दुसऱ्या लघुपटाला गेलं, एका आजोबा-नातीच्या साध्या गोष्टीला. वीटभट्टीला विशेष उल्लेखही दिला नाही. त्यावर पुन्हा मतदान झालं आणि निकाल दोन विरुद्ध एक. बरोबर केलं असं मला आजही वाटतं, आणि त्या दिग्दर्शकाचा समारंभातला चेहराही आठवतो.

त्यानंतर सगळ्यात कठीण काम: मानपत्राच्या चार ओळी. पारितोषिक का दिलं ते मंचावरून वाचायचं असतं. पहाटे दोन वाजता आम्ही 'हृदयस्पर्शी', 'अप्रतिम' असे सगळे शब्द खोडून काढत होतो. शेवटी ठरलं, त्या लघुपटात आम्ही काय बघितलं तेवढंच लिहायचं. नात आजोबांच्या चष्म्याच्या काचा स्वतःच्या फ्रॉकला पुसते आणि आधी स्वतः घालून बघते. ते वाचून दाखवलं तेव्हा मंचावर आलेल्या मुलीला रडू फुटलं. तिनं नंतर येऊन सांगितलं की तो शॉट काढून टाक असं तिला सगळ्यांनी सुचवलं होतं.

इंदूरला परत आल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला तो या लघुपटांचा नव्हताच. "त्या विहिरीवालीला कळवलंस का?"

कळवलं नव्हतं. आधी समितीत होते म्हणून, मग परीक्षक म्हणून नाव ठरलं आणि ती नवा लघुपट पाठवेल तर पंचाईत नको म्हणून. आता दोन्ही कामांतून मोकळी होते. संयोजकाला विचारून पत्ता घेतला आणि मेल लिहिला. गुणांचं काही लिहिलं नाही. माझ्या आईनं चौदा, एकवीस, सत्तावीस मोजले आणि दोराची गाठही तिलाच दिसली, एवढं लिहिलं. आणि आईचा प्रश्न लिहिला, कारण ती वर्षभर तोच विचारत होती: दोर जोडला तो घरातलाच होता, की विकत आणला?

तेरा दिवसांनी उत्तर आलं. विहिरीवरची बाई तिची आत्या. तीन दृश्यांमध्ये मिळून अकरा महिने गेले होते. आकडे आधी ठरवलेले नव्हते, तिनं ते संकलनाच्या वेळी मोजले, आणि तिच्याशिवाय कोणी मोजले असल्याचं तिला पहिल्यांदाच कळत होतं. दोर विकतचा नव्हता. शेजारणीनं दिला होता. तिची विहीर महिनाभर आधी आटली होती, त्यामुळे तिचा दोर तसाच पडून होता.

मी हे आईला वाचून दाखवलं. तिनं हातातले शेंगदाणे ताटात ठेवले आणि विचारलं, "मग आता दोघी पाणी कुठून आणतात?"

ते मी दुसऱ्या मेलमध्ये विचारलं आहे.